माळावरची संशयखोर दुर्बीण

मित्रांनो, जवळ येण्याआधी हात दाखवा. दोन्ही दाखवा. बोटांना तेल लागलेलं नाही ना? खिशात शेंगदाणे, कुरकुरे असलं काही नाही ना? राग मानू नका. मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझं निम्मं आयुष्य लोकांच्या बोटांवर संशय घेण्यात गेलं आहे. हात स्वच्छ असतील तर बसा, पण माझ्यापासून दहा-बारा हात लांब बसा. त्याहून जवळ आलात तर मला तुमचे चेहरे दिसणार नाहीत, नुसते धुरकट डाग दिसतील. लांबचं मला फार छान दिसतं, जवळचं मात्र दिसत नाही. हा माझ्या घडणीतलाच दोष आहे. त्या दोषापायी मी एका बाईवर मोठा अन्याय केला. तेच आज सांगणार आहे.

जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. काचा घासणारे निराळे, नळ्या बसवणारे निराळे, आणि शेवटच्या टेबलावर एक वयस्कर बाई. तिचं काम संशय घेण्याचं. प्रत्येक दुर्बीण ती दिव्यासमोर धरायची आणि आत कुसळाएवढी धूळ दिसली तरी मान हलवून परत पाठवायची. मला तिने तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा पास केलं, तेही तोंड वाकडं करूनच. माझा हा स्वभाव तिच्याकडूनच आला असावा.

पहिली काही वर्षं मी पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे होते. त्यांनी मला घोड्यांच्या शर्यती बघायला घेतलं होतं. पुढे त्यांचा तो नाद सुटला आणि मी कपाटात गेले. शेजारी लोकरीचे मोजे आणि डांबराच्या गोळ्या. त्या अंधारात माझ्या डाव्या काचेच्या कडेला बुरशी धरली. कुणी येऊन बघेल म्हणून मी किती दिवस वाट पाहिली ते मलाच ठाऊक. शेवटी डॉक्टरांनी घर बदललं, मी जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि तिथे मला शिवप्रसादने उचललं. त्याने आधी मला डोळ्याला लावलं नाही. खिशातून मऊ फडकं काढलं, काचेवर फुंकर मारली, मग पुसलं. त्याच्यावर मात्र मी पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवला. इतका ठेवला, की पुढे तोच विश्वास नडला.

शिवप्रसाद परभणी जिल्ह्यातला, बोरी गावापासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका वाडीचा. आईवडील ऊसतोडीला जाणारे. परभणीला कॉलेज करून तो पुण्याच्या एका सहल कंपनीत लागला. ही कंपनी लोकांना देशोदेशीची जंगलं आणि त्यातले प्राणी दाखवायला न्यायची. शिवप्रसाद त्या सहलींचा वाटाड्या झाला आणि मी त्याच्या गळ्यात.

मित्रांनो, मी काय काय पाहिलं म्हणून सांगू. टांझानियाच्या मैदानात दाढीवाले, गाईएवढे विल्डबीस्ट हजारोंनी नदी उतरताना पाहिले. बोर्निओच्या जंगलात मोठाले धनेश फळं खाऊन लांब लांब उडून जाताना पाहिले. ते जातील तिथे बिया पडतात आणि नवी झाडं उगवतात. केनियात एका माकडाने मला टेबलावरून उचलून झाडावर नेलं आणि माझा पट्टा चावून बघितला. तेव्हापासून हात असलेल्या कुठल्याही प्राण्याचा मला भरवसा वाटत नाही.

सहलीतल्या माणसांचाही मला तसा संशयच यायचा. त्यांना सगळं लगेच हवं असायचं. गाडी थांबली की सिंह कुठे, वाघ कुठे. शिवप्रसाद त्यांना शांतपणे सांगायचा, "आधी प्राणी शोधू नका. तो काय खातो ते शोधा. ते कळलं की जंगल कळतं." हे वाक्य लक्षात ठेवा. शिवप्रसाद ते पुढे विसरणार आहे.

एका उन्हाळ्यात आम्ही कझाकस्तानला गेलो. नजर पोचेल तिथपर्यंत गवत. त्या गवतावरून एक राखाडी पक्षी अगदी खालून, वाऱ्यावर तोल सांभाळत तरंगत होता. पंखांची टोकं काळी. भोवत्या म्हणतात त्याला, ससाण्यासारखा शिकारी पक्षी, पण झाडावर न राहणारा. त्याचं घरटंही जमिनीवर आणि झोपही जमिनीवर, गवतात. त्या सहलीत राजेश्री मॅडम होत्या. शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी शिवप्रसादला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"परभणीकडचा, मॅडम."

"मग हे तुमचे शेजारीच की. थंडीत तिकडेच येतात. इथून हजारो किलोमीटर उडून तुमच्या माळरानांवर."

शिवप्रसाद हसला. "आमच्या माळावर कुसळांशिवाय काही नसतं, मॅडम. मी लहानपणापासून बघतोय."

मला वाटलं, हा खोटं बोलतोय. पण तो खरंच बोलत होता. वाडीतली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. भोवत्या पक्षी दसऱ्यानंतर येतात आणि पाडव्याच्या आत निघून जातात. पक्षी असतात तेव्हा वाडी रिकामी, आणि वाडी भरते तेव्हा माळ रिकामा. शिवप्रसादचे सगळे लहानपणीचे हिवाळे उसाच्या फडात, पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत गेले होते. मागे राहणारी म्हातारी माणसं अंधार पडायच्या वेळी माळाकडे फिरकत नसत. आपल्या घरामागे थंडीत काय असतं हे वाडीतल्या कुणी कधी पाहिलंच नव्हतं, आणि न पाहिलेल्या माळाविषयी तिथे काही नाही असं सगळे खात्रीने सांगत होते.

पुढे जगभर साथ आली. सहली थांबल्या, कंपनी बंद पडली, आणि शिवप्रसाद मला घेऊन वाडीला आला. त्याचे वडील आता नव्हते आणि आई, नर्मदाबाई, पाठीच्या दुखण्यामुळे ऊसतोडीला जाईनाशी झाली होती. जन्मात पहिल्यांदा तो हिवाळाभर घरी राहिला. कार्तिकातल्या एका संध्याकाळी तो मला घेऊन माळावर गेला, सहज म्हणून. सूर्य टेकला तसे पश्चिमेकडून एक, दोन, मग दहा, मग मोजता येईनात इतके भोवत्या पक्षी गवतावर उतरायला लागले. आम्ही एकशे अडतीस मोजले. शिवप्रसाद तिथेच मातीत बसला. त्याचे डोळे भरून आल्यामुळे मला शेवटचे काही पक्षी धूसर दिसले, म्हणून एकशे चाळीसही असतील.

त्या गवतावर एक संकट दरसाल यायचं. होळीच्या सुमाराला मागे राहिलेली माणसं माळाचा आणखी एक तुकडा पेटवून द्यायची, पक्ष्यांच्या झोपायच्या जागेपर्यंत आग अजून पोचली नव्हती एवढंच. पेटवला की पावसाळ्यात गवत जोमाने फुटतं, असा सगळ्यांचा समज. शिवप्रसादने ग्रामसभेत हात जोडून सांगितलं की एवढी झोपायची जागा राखा, नाहीतर हे पक्षी पुढच्या वर्षी कुठे जातील. गावाने फार मोठेपणा दाखवला असं नाही, पण ऐकलं. "पाखरं येत असली तर न्हाई पेटवत. यायची थांबली तर काडी लावू," असं ठरलं. म्हणजे मित्रांनो, त्या माळाचं जगणं आता पक्ष्यांच्या मोजदादीवर होतं. पक्षी गेले की गवत जाणार आणि गवत गेलं की परत पक्षी येणार नाहीत.

शिवप्रसादने पाहुणे आणायला सुरुवात केली. पुण्याहून, संभाजीनगरहून, एकदा बंगळूरहून. नर्मदाबाई त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा करून द्यायची, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. संध्याकाळी सगळे माळावर जाऊन पक्षी बघत. पहिल्या वर्षी पाहुणे लांब उभे राहायचे. दुसऱ्या वर्षी जरा जवळ. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदाच्या थंडीत, चहाचा थर्मास आणि भाकरीचं फडकं थेट गवताच्या कडेला अंथरलं जायला लागलं. फोटो चांगले येतात म्हणून.

आणि यंदाच पक्षी कमी व्हायला लागले. डिसेंबरच्या सुरुवातीला एकशे सव्वीस होते. पंधरा दिवसांनी सत्त्याण्णव. संक्रांतीला एकसष्ट. शिवप्रसादचं जेवणावरचं मन उडालं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती आणि आदल्या संध्याकाळी राजेश्री मॅडम येऊन मोजणार होत्या. आकडा पडला तर माळ पेटणार हे पक्कं होतं, आणि माळ पेटला की शिवप्रसादला परत पुण्यात कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागणार होतं.

कुणीतरी पक्ष्यांना त्रास देत होतं, यात शंका नव्हती. आता शंका नव्हती म्हणजे माझ्यासारखीला सुगीच. मी आधी मेंढरं चारणाऱ्यांवर संशय घेतला. मग संक्रांतीच्या पतंगांवर. दोन दिवस एका खांबावर चढलेल्या वायरमनवरही घेतला. आणि मग मला धुरपदाबाई दिसली.

धुरपदाबाईचं ज्वारीचं वावर माळाला लागूनच. ती दरसाल नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची, पण यंदा गुडघा सुजल्यामुळे मागे राहिली होती. ज्वारीत तिने चार मेढी रोवून उंच मचाण बांधलं होतं. त्यावर बसून ती दिवसभर गोफण फिरवायची आणि चिमण्या हाकायची. मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते सकाळी, पक्षी गवतातून उठून शिकारीला निघून गेल्यावर. ती आपल्या वावरातून माळात शिरली. इकडेतिकडे बघितलं. पक्षी जिथे झोपतात तिथे, अगदी तिथेच, वाकून काहीतरी उचललं आणि पदराच्या ओट्यात टाकलं. मग पुढे जाऊन परत वाकली. ओटा भरल्यावर घराकडे निघून गेली. मालक बाहेर पडल्यावर घरात शिरणारा माणूस कोण असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, वर कमरेला गोफण. संध्याकाळी तर कहर झाला. पाहुणे गवताच्या कडेला बसलेले, पक्षी घिरट्या घालत उतरायला लागलेले, आणि ही मचाणावर उभी राहून हात हलवत मोठमोठ्याने ओरडायला लागली. पाहुण्यांनी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. ती आणखी ओरडली. बरेच पक्षी उठले आणि अंधारात कुठेतरी निघून गेले. त्या संध्याकाळी आम्ही त्रेचाळीस मोजले.

माझी खात्री पटली. बाईची दोन शेरडं या राखलेल्या गवतात चरायची बंद झाली होती, म्हणून तिचा राग. शिवाय तिने म्हणे वाडीत बोलून दाखवलं होतं की या घारी आपल्या कोंबड्यांच्या पिलांवर टपल्यात. कारण होतं, गोफण होती, ओटा होता. आणखी काय हवं? मी जे दाखवलं तेच शिवप्रसादने पाहिलं आणि त्याची खात्री माझ्याहून पक्की झाली.

रात्री जेवताना त्याने आईला सांगितलं. नर्मदाबाईचा भाकरीचा हात थांबला.

"धुरपदा तशी न्हाई रं."

"माय, म्या सोता बगितलंय. दुर्बिणीतून."

"दुर्बिणीतून," नर्मदाबाई म्हणाली, "आन जवळ जाऊन इचारलास का?"

मला त्या माउलीचा थोडा रागच आला. आपल्या दिसण्यावर कुणी बोट ठेवलं की मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर धुरपदाबाई माळातून परत येत होती. शिवप्रसाद तिच्या वाटेत जाऊन उभा राहिला. मी त्याच्या गळ्यात, छाती काढून.

"काकू, ओट्यात काय हाय तुमच्या?"

ती थांबली. माझ्यापासून ती चार-पाच हातांवर होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. आवाज मात्र ऐकला, आणि तो चोराचा नव्हता.

"तुमी?" ती म्हणाली. "मी तुला 'तुमी' कवापासून झाले रं शिवा? फडात तुजी माय मोळ्या उचलायची तवा तुला झोळीत हालवायला मीच व्हते. काय हाय ते बग. घे, हात घाल."

शिवप्रसादने हात घातला नाही. तिनेच ओटा सोडला आणि सगळं त्याच्या पायाशी ओतलं. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, वाळलेल्या गोळ्या. तो खाली बसला. त्याने त्या ओळखल्या होत्या. शिकारी पक्ष्याला खाल्लेल्यातलं जे पचत नाही, केस, हाडं, तंगड्या, ते तो गोळी करून तोंडावाटे टाकतो. राजेश्री मॅडमनी त्याला कझाकस्तानात अशीच एक गोळी दाखवली होती. पण आपल्या माळावर त्याने एकदाही खाली वाकून शोधली नव्हती.

"मला वाटलं, ह्या घारी माझी पिलं खायल्यात," धुरपदाबाई म्हणाली. "म्हनून बगायला गेले. म्हटलं, पीस सापडलं की गावाला दावते. बाभळीच्या काट्यानं एकेक फोडली. नाकतोड्याच्या तंगड्या निघायल्यात, उंदराचे केस निघायल्यात. कोंबडीचं पीस एकबी न्हाई. मंग म्हटलं, ह्येच गावाला दावावं. ग्रामसभेला न्यायला गोळा करायलेय."

मित्रांनो, समजलं का? तिनेही संशय घेतला होता, माझ्याइतकाच. पण ती जवळ गेली, वाकली आणि फोडून बघितलं. पक्षी काय खातो ते तिने शोधलं. शिवप्रसादने जगभर लोकांना हेच सांगितलं होतं.

तो मान खाली घालून बसला होता. तसाच बसून त्याने विचारलं, "मग सांजच्याला वरडत कामून व्हतीस?"

"चल," ती म्हणाली. "मचानावर चल. आन ते गळ्यातलं खाली ठिव जरा."

पण त्याने मला काढलं नाही, नुसतं पाठीमागे फिरवलं. दुखऱ्या गुडघ्याने ती आधी वर चढली, मागून तो. मी त्याच्या पाठीवर उलटी लोंबकळत होते आणि म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मागची बाजू बघत होते. सगळा माळ खाली पसरलेला. आणि त्या माळातून, रस्त्यापासून थेट पक्ष्यांच्या झोपायच्या जागेपर्यंत, गवत दाबून पडलेली एक रुंद वाट. मोटरसायकलची, गाड्यांची, बुटांची. ती वाट आमची होती.

"रोज तू ह्या वाटेनं जातूस," धुरपदाबाई म्हणाली. "तुज्या मागं पावने. आन पावन्यांच्या मागं वाडीतली कुत्री. भाकरीचे तुकडे टाकत्यात न्हवं तुमचे लोकं? त्या वासानं येत्यात. तुमी फुडं बगायलाव. तुमी उठून गेलाव की कुत्री गवतात घुसत्यात. अंधारात पाखरांचा नुसता फडफडाट. म्या गोफनीनं किती हाकू? वरून वरडले तर तुजे पावने मलाच गप करायलेत."

गोफण पक्ष्यांसाठी नव्हती. कुत्र्यांसाठी होती. ओरडणं आम्हाला होतं. आणि मी, देशोदेशीची जंगलं पाहिलेली मी, ज्या चोराला शोधत होते त्याच्याच गळ्यात रोज लोंबकळत होते. मित्रांनो, मला फार लाज वाटली. माझ्या काचांना पापण्या असत्या तर मी मिटून घेतल्या असत्या.

शिवप्रसादने माफी मागितली की नाही ते मला सांगता येणार नाही. तो फक्त खाली उतरला, बाभळीचे काटे तोडायला लागला आणि दुपारपर्यंत त्याने ती वाट दोन्ही टोकांना काट्यांनी बुजवली. धुरपदाबाई वरून सांगत होती, इथे दाट कर, तिथे विरळ झालंय. संध्याकाळी नर्मदाबाईने पाहुण्यांना घरीच जेवू घातलं आणि एकही तुकडा वाडीबाहेर जाऊ दिला नाही. पाहुण्यांना आता पक्षी धुरपदाबाईच्या मचाणावरूनच बघावे लागणार होते. एक जण कुरकुरला की इथून फोटो बारीक येतात. शिवप्रसादने मला त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, हिच्यातून बघा.

पंचवीस तारखेला राजेश्री मॅडम आल्या. मचाणावर त्या, शिवप्रसाद आणि धुरपदाबाई. सूर्य टेकला. पश्चिमेकडून एक आला, मग दोन. मॅडमनी मोजलं, शिवप्रसादने मोजलं, आणि आकडा जुळला तेव्हा तो अठ्ठावन्न होता. एकशे अडतीस नव्हता. पण त्रेचाळीसही नव्हता. मॅडम म्हणाल्या, "उठवलेले पक्षी लगेच विश्वास ठेवत नाहीत. शांत राहिलात तर येतील." मला हे पटलं. संशयी जिवाचं मन मला कळतं.

मग मॅडमनी मला धुरपदाबाईच्या हातात दिलं. तिचे हात ज्वारीच्या चिकाने चिकट झालेले. तिने मला पकडलं तशी तिच्या उजव्या हाताचा अंगठा थेट माझ्या काचेवर पडला. एरवी मी केवढी चिडले असते. तिने डोळा लावला. एक राखाडी पक्षी अगदी आमच्या समोरून गेला आणि गवतात उतरला.

"हे दरसाल हितं येत व्हते?" तिने विचारलं.

"दरसाल, काकू."

"आन आमी दरसाल उसात," ती म्हणाली. तिने मला डोळ्यावरून काढलं नाही, पण मला कळलं की तिला आता काही दिसत नव्हतं, कारण काच ओली झाली होती.

ग्रामसभेला शिवप्रसाद मुद्दाम मागे बसला, म्हणजे मलाही दिसावं. अठ्ठावन्न आकडा ऐकून दोघं-तिघं कुजबुजले, की कमीच झालेत, आता काडी लावायला काय हरकत आहे. तेव्हा धुरपदाबाई परात घेऊन पुढे गेली. परातीत त्या करड्या गोळ्या. तिने सगळ्यांसमोर बाभळीच्या काट्याने एक गोळी फोडली, मग दुसरी, मग तिसरी. नाकतोड्यांच्या तंगड्यांचा ढीग झाला. "औंदा माझ्या ज्वारीला नाकतोडा का लागला न्हाई, ते ह्यात हाय," ती म्हणाली. "ज्याला खोटं वाटंल त्यानं सोता फोडून बगावं. काटाबी हितंच ठिवलाय." सरपंचांनी स्वतः एक फोडून बघितली. मग आणखी चौघांनी. माळ यंदाही पेटला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही चौऱ्याऐंशी मोजले. मार्चमध्ये एके दिवशी संध्याकाळी एकही पक्षी उतरला नाही. ते निघून गेले होते, कझाकस्तानच्या गवताकडे. पाडव्याच्या आधी दोन दिवस मुकादमाचा ट्रॅक्टर वाडीत आला आणि धुरपदाबाईचा नवरा वाल्मीकराव खाली उतरला. अंगावर पाचटाचे ओरखडे, डोक्यावर गाठोडं. त्याने समोर न पेटवलेला, वाळून सोनेरी झालेला माळ पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"औंदाबी हे कामून ठिवलं? काय हाय हितं?"

धुरपदाबाईने ओट्यातून एक करडी गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, संशयाने. मला तो माणूस एकदम आवडला.

"फुडल्या साली म्या उसाला येनार न्हाई," ती म्हणाली. "तुमीबी एक हिवाळा घरी थांबून बगा."

तो बायकोकडे बघत राहिला. मग माळाकडे. थांबतो म्हणाला नाही, आणि जातो असंही म्हणाला नाही. गोळी मात्र त्याने टाकली नाही, खिशात ठेवली.

तर मित्रांनो, माझी आता तुम्हाला विनंती आहे. मला हातात घ्याल तेव्हा आधी हात धुवा. काचेवर फुंकर मारा, मग मऊ कापडाने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. सूर्याकडे मला कधीच धरू नका. आणि पक्ष्यांकडे बघण्याआधी एकदा मागे वळून बघा, आपल्या पावलांच्या वाटेने कोण येतंय ते. संशय आला तर जरूर घ्या. मीही अजून घेतेच, तो माझा स्वभावच आहे. पण ज्याचा संशय येईल त्याच्याजवळ चालत जा, कारण तेवढं जवळचं मला तुम्हाला दाखवता येत नाही.

माझ्या उजव्या काचेच्या कडेला अजून एक अंगठ्याचा ठसा आहे. शिवप्रसाद दर आठवड्याला मला पुसतो. तेवढ्या जागी आला की त्याचा हात थांबतो आणि तो फडकं घडी घालून ठेवतो. त्या ठशापाशी मला थोडं धूसर दिसतं. तुम्ही मला पुसाल तेव्हा तो तसाच राहू द्या.